विकलेलं पिल्लू

रजनीने बंबातली राख उकरून काढली, आतली काजळी ओल्या फडक्याने पुसली आणि बाहेरून तो चिंचेने घासला. तांबं लखलखायला लागलं, तेव्हा तिने त्याच्याकडे बघणं थांबवलं.

"भाव वजनावर मिळतो, चकाकीवर नाही," दारात उभा असलेला तिचा नवरा प्रभाकर म्हणाला.

"असू दे."

त्याने बंब पोत्यात गुंडाळून सायकलला बांधला. चुलीजवळ जुन्या लुगड्याच्या घडीवर कुत्र्याचं पिल्लू पडलं होतं. डोळ्यांच्या कडांना पिवळी खपली धरली होती. श्वासागणिक नाकाशी एक बुडबुडा फुगत होता, फुटत होता. रजनीने बोरिकच्या कोमट पाण्यात कापूस बुडवला आणि खपली न ओढता नुसती भिजवत ठेवली.

छप्पनच्या नोव्हेंबरात राज्यं नव्याने आखली गेली होती. प्रभाकरच्या कचेरीतले निम्मे लोक नागपूरकडे निघून गेले, निम्मे बुऱ्हाणपुरातच राहिले. राहिलेल्यांचे कागद कुठल्याशा गाडीत होते आणि पगार त्या कागदांच्या मागे. पिल्लू त्याआधीचं. दुसरं बाळ पहिल्यासारखंच बाळंतिणीच्या खोलीतून गेलं, त्यानंतर रजनीने बोलणं सोडलं होतं. प्रभाकरने नेपानगरच्या एका ओळखीच्या घरून पिशवीत घालून हे पिल्लू आणलं. ती पुन्हा बोलली ते त्याच्याशी. राजा, अशी हाक मारली होती तिने.

आदल्या दिवशी गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी राजाचे डोळे पाहिले, पोट दाबलं आणि हात धुतले.

"डिस्टेंपर है, बाबूजी, कुत्तों की छूत की बीमारी. रोज पेनिसिलिन लगेगी, बाजार से लानी होगी. सरकारी दवाई मवेशी की है. बैल होता तो मुफ्त कर देता."

"बरा होईल ना?" प्रभाकरने विचारलं.

"सीरम मिल जाए तो देख सकते हैं. बंबई से बर्फ में आता है." डॉक्टरांनी टॉवेलला हात पुसले. "महंगा है. सोच लीजिए. कुत्ता ही तो है."

रजनीने पिल्लू पदराखाली घेतलं. विचार करायचा तो तिने डॉक्टरांचे हात धुऊन होईपर्यंतच केला होता.

बंब थोड्याच सुयांत संपला. मग समई गेली, मग प्रभाकरचा लोकरी कोट. सीरमचं नाव मात्र घरात कोणी काढेना. कचेरीत उसने मागावेत तर सगळ्यांचे खिसे त्याच कागदांची वाट पाहत होते. शेजारच्या धुरपदाबाईंनी भिंतीवरून पैसे पुढे केले, तेव्हा प्रभाकरने हात जोडले.

"मावशी, फेडायचं कशातून ते ठाऊक नाही. घेऊ कसे?"

"मंग मरू देता का त्याले?"

प्रभाकर आत निघून गेला. त्या रात्री तो जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी धुरपदाबाई सुपात ज्वारी घेऊन आल्या. दापोऱ्याला त्यांचा केळीचा मळा होता; तो मुलगा, उखर्डू, बघायचा. त्या उंबऱ्यातच बसल्या.

"नाव काय ठेवलं याचं?"

"राजा."

"घ्या! तुह्या घरात, अन् राजा?" त्यांनी कपाळावर हात मारला. "अवं, झाकून ठेवायचं सोडून हाका मारून मारून मरणाले दाखवते व्हय, इथं हाये म्हणून? माही चार लेकरं गेली, त्याच्यानंतर झालेला हा उखर्डू. जन्मला तसाच उकिरड्यावर टाकला. जावेनं पसाभर ज्वारी देऊन उचलला. तिचा झाला तो. माह्या घरी न्यायले येणाऱ्याले सापडलाच नाही. आता पाहा, दरवाजात मावत नाही."

"मावशी, हे…" प्रभाकरने सुरुवात केली.

"तू कचेरीतलं पाह्य, बाबा. रजनी, इक ते मले. माहं झालं म्हंजे त्याचं औषधपाणी मीच पाह्यीन. कोणी कोणाचं देणं लागत नाही."

प्रभाकरने रजनीच्या तोंडाकडे पाहिलं आणि तो खुंटीवरचा सदरा उगाच सरळ करत राहिला.

रजनीने पिल्लू उकिरड्याच्या कडेला ठेवलं. धुरपदाबाईंनी ज्वारी तिच्या ओच्यात ओतली, पिल्लू उचललं आणि मोठ्यांदा म्हणाल्या, "चाल रे, कडू." मग हळू आवाजात, "बरं होईस्तोवर त्याले हात लावायचा नाही. हाकही मारायची नाही. तुहं नव्हतंच ते."

सीरम आलं. टांग्यात मांडीवर पिल्लू घेऊन धुरपदाबाई स्वतः दवाखान्यात गेल्या. डॉक्टर पुन्हा मवेशीचं काही बोलू लागले, तेव्हा म्हणे बाईंनी विचारलं, "माह्या बैलाईले सुई टोचता तवा लय गोड बोलता. आज काय झालं?" टांगेवाल्याने ही गोष्ट गल्लीभर केली. रजनी कितीतरी दिवसांनी हसली.

भिंतीपलीकडून एकदा भुंकण्याचा बारीक आवाज आला. रजनी पोळपाटावर हात तसाच ठेवून बसली, पोळी वाळेपर्यंत.

मग भुंकणं थांबलं आणि दुसराच आवाज सुरू झाला. फरशीवर नखं वाजत होती, एकसारखी, झोपेतसुद्धा. धुरपदाबाई भिंतीशी येऊन म्हणाल्या, दात चावत राहतो, तोंडात काही नसताना. रजनीने प्रभाकरकडे पाहिलं.

"मेंदूत गेलं असेल," तो म्हणाला. "औषध तिथे पोचत नाही."

रजनी उठली. भिंतीवर ओणवी होऊन तिने तोंड उघडलं. हाक ओठांपर्यंत आली. तिने पदराचा बोळा दातांत धरला आणि नखांचा आवाज ऐकत उभी राहिली.

सकाळी आवाज नव्हता.

ती गेली तेव्हा धुरपदाबाई दारात डोक्यावरून पदर घेऊन बसल्या होत्या. शेजारी गोणपाटाची लहानशी गुंडाळी. उखर्डू कुदळ घेऊन दापोऱ्याहून आला होता आणि कोणाकडे न बघता उभा होता. रजनीने गुंडाळीकडे हात नेला. तिच्या घशातून आवाज फुटला.

"तू कशाले रडते?" धुरपदाबाई करड्या आवाजात म्हणाल्या. त्यांचे स्वतःचे डोळे सुजले होते. "माहं गेलं. तुह्या घरातून काही गेलं नाही. ऐकलं का? यंदा तुह्या घरातून काहीच गेलं नाही."

रजनीचा हात हवेतच राहिला. मग तिने तो मागे घेतला, डोळे पुसले आणि घरी आली.

प्रभाकर उंबऱ्यात वाट पाहत होता.

"काय झालं?"

"धुरपदाबाईंचं कुत्रं गेलं."

तिने चूल पेटवली. भाकऱ्या थापल्या, पिठलं घोटलं, थोडं जास्तच.

"आज त्यांच्याकडे चूल पेटायची नाही," ती म्हणाली. "नेऊन द्यायला हवं."

प्रभाकरने खुंटीवरची टोपी काढली, झटकली आणि डोक्यावर ठेवली. वहाणा घालून तो दाराशी थांबला.

"जाऊन काय म्हणायचं असतं?"

रजनीने ताटावर पंचा झाकला.

"लोक आपल्याला दोन्ही वेळी जे म्हणाले होते," ती म्हणाली, "ते सोडून काहीही."