चमच्याला झालेली गाठ

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. बायका, त्यांच्या आया, बहिणी, सासवा आणि झक मारत आलेले नवरे. व्यासपीठावर हिरवा कोट चढवून ‘हिरवे सर’ उभे. हे नाव लोकांनीच दिलेलं. खरं नाव विचारायची कुणाला गरजच वाटली नव्हती. पुढ्यात काचेच्या पेल्यांत फिकट ग्रीन टी.

“भगिनींनो, छातीतली गाठ यंत्राआधी चहाच्या पानाला दिसते! पान खोटं बोलत नाही!”

पान काहीच बोलत नव्हतं. सरच पाऊण तास बोलत होते.

पहिल्या रांगेत थोरली कपाळाला आठ्या घालून बसली होती. कापड रंगवायच्या कारखान्यात वीस वर्षं काढलेली बाई, नखं कायमची निळी. शेजारी तिची धाकटी जाऊ. धाकटीच्या छातीत गाठ लागली त्याला दोन महिने झाले होते. डॉक्टरीणबाईंनी सुईने तुकडा काढून तपासायला सांगितलं होतं. पण ही बया आधी इथे आली, बोटं बुडवताच तिचा पेला काळा झाला, म्हणजे म्हणे गाठ वाईट, आणि सरांनी चहाच्या अर्काची पूड सुरू केली. आज दुसरी परीक्षा होती.

“ताई, आज पेला स्वच्छ निघाला की सुईचं झंझट संपलं.”

“आणि गाठ?”

“ती विरते हळूहळू. सर म्हणालेत.”

“सर म्हणालेत! सरांच्या छातीत आहे का ती?” थोरली करवादली.

आधी एक शिक्षिका वर गेली. पहिलीच वेळ, चेहरा पांढराफटक. सरांच्या मदतनीस बाईने ओला रुमाल दिला. “बोटं शुद्ध करा.” शिक्षिकेने बोटं पुसली, पेल्यात बुडवली, आणि चहा बघता बघता शाईसारखा काळा झाला. खाली तिच्या आईने हंबरडा फोडला. सरांनी डोळे मिटून मान हलवली. मेल्याला नाटकात चांगलं काम मिळालं असतं.

मग धाकटी. रुमाल, बोटं, पेला. चहा जसाच्या तसा. टाळ्यांचा कडकडाट झाला. “ताई, सुटले गं मी!” म्हणत ती तिथेच रडायला लागली. थोरलीचेही डोळे भरले. क्षणभर तिलाही वाटलं, जाऊ दे, असेल बाई खरं.

पण नजर पडली ती रुमालांवर. दोन ताटं होती. नव्या बायकांना डावीकडचा रुमाल, जुन्यांना उजवीकडचा. आणि डावीकडच्या रुमालांच्या कडा गंजासारख्या पिवळ्या पडलेल्या. असल्या कडा ती रोज कारखान्यात धूत होती.

ती तरातरा वर गेली. डावीकडचा रुमाल उचलून तिने टेबलावरचा प्लास्टिकचा चमचा खसाखसा पुसला आणि नव्या पेल्यात बुडवला. चहा काळाकुट्ट.

“अगं बाई! चमच्याला गाठ झाली! सर, याला पूड किती दिवस द्यायची?”

कुणीतरी फिसकन हसलं.

“ही नकारात्मक ऊर्जा आहे!” सर ओरडले.

“आमच्याकडे ही ऊर्जा पोत्याने येते. हिराकस म्हणतात तिला, लोखंडाचा क्षार. तुरट काढ्यात पडला की काढा काळा. कापड काळं करतो आम्ही त्याने. चहाही तुरटच!” तिने सरांच्याच बशीतलं लिंबू पेल्यात पिळलं. काळेपणा उतरत गेला. “घ्या, चमचा बरा झाला. दोन महिनेसुद्धा लागले नाहीत!”

सरांना तेवढ्यात महत्त्वाचा फोन आला. तो घ्यायला ते मागच्या दाराने जे गेले ते गेलेच.

धाकटी मात्र थोरलीवरच उसळली. “तुला माझं बरं झालेलं बघवत नाही!”

थोरलीने तिचा हात धरला. “माझं सोड. रोज आंघोळीला हात लागतो ना? तुझा हात काय सांगतो? लहान झाली?”

धाकटीचा हात नकळत छातीकडे गेला. मग हळूच म्हणाली, “मोठी झालीय, ताई.”

दुसऱ्या दिवशी सुई झाली. आठवड्याने निकाल आला. कर्करोगच होता.

“चहात काहीच नसतं का हो?” धाकटीने विचारलं.

“असतं की,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “त्यातल्या द्रव्यांनी प्रयोगशाळेत काचेच्या बशीतल्या कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखलेली दिसते. म्हणून अभ्यास चालू आहे. पण चहा पिऊन माणसांचा हा आजार टळतो, असं अजून सिद्ध झालेलं नाही, आणि झालेली गाठ तर चहाने जात नाहीच. कपभर चहा खुशाल प्या. ती पूड मात्र बंद. असल्या कडक अर्काने यकृत बिघडू शकतं. शस्त्रक्रिया करू, औषधं देऊ, बरं व्हायची आशा चांगली आहे. पण दोन महिन्यांपूर्वी गाठ काखेत पोचलेली नव्हती. आता पोचलीय.”

धाकटी बाहेर आली. बाकावर तीच शिक्षिका बसली होती, पर्समध्ये पुडीचा डबा. तो घेऊन ती त्या दिवशी आईबरोबर लगेच निघून गेली होती, चमच्याचा प्रकार तिने पाहिलाच नव्हता. “अहो, गाठीची तपासणी महिनाभराने केली तर नाही का चालणार? तोवर पूड संपते.”

धाकटीने तिच्या पर्समधला डबा काढून कचऱ्याच्या पेटीत टाकला. “मी दोन महिने थांबले. तेवढ्यात माझी काखेत गेली. पेल्यात काय दिसलं ते विसरा. हाताला गाठ लागली ना? मग आज, आत्ता, तपासून घ्या. उठा!”

शिक्षिका उठली.