बैठकीतली शेगडी

आमच्या थोरल्या जाऊबाई, तुळजाक्का, शुक्रवारचा देवीचा नैवेद्य सोवळ्यात स्वतः रांधत. तो दाखवेपर्यंत पाणीसुद्धा घेत नसत. त्या साली त्यांचा मोतीबिंदू काढला आणि डॉक्टरांनी चुलीचा धूर वर्ज्य सांगितला. मी हळूच म्हटलं, "अक्का, मी रांधते."

"नेम माझा अन् हात तुजे? न्हाई जमायचं, बाई."

आष्टीतल्या आमच्या कापसाच्या जिनिंगच्या इंजिनावर डायनामो होता, त्यावर घरात दिवे लागत. माझ्या यजमानांनी हैदराबादेहून विजेची शेगडी आणली. सोवळं मोडू नये म्हणून ती स्वयंपाकघरातच हवी. तिथं होता तो दिव्याचा प्लग. शेगडीच्या वायरीच्या टोकाचे जाड खिळे त्यात बसेनात. यजमानांनी खिळे काढून उघड्या ताराच भोकांत खुपसल्या.

अक्कांनी शेगडीला हळदकुंकू वाहिलं, दूध ठेवलं. दूध कोमट होतंय तोच जळका वास सुटला आणि फ्यूज गेला. अक्कांचा चेहरा उतरला.

"देवीलाच ही ईज नको हाय."

जिनिंगचा तारवाला शहादेव आला. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "आक्कासाब, देवीला कावून मधी आणता? ह्यो प्लग पाच अँपिअरचा, दिव्यापुरता. तार बी बारीक. शेगडी दहा वढती. मग तार तापंल न्हाई तर काय हुईल?"

अक्का म्हणाल्या, "म्हंजे मोटंचं समदं पाणी मिरचीच्या एका सरीत सोडलं आमी."

"अगदी तसंच."

"मग मोट वतायचं थारोळं कुठं हाय?"

"बाहेर बैठकीत, बोर्डाखाली. तितं पंधराचा प्लग हाय, तार बी जाड."

बैठक म्हणजे पुरुषांची जागा. भाऊजी, म्हणजे अक्कांचे यजमान सुंदरराव, तिथं पाहुण्यांबरोबर हुक्का ओढत बसलेले. अक्का आता रडतील असं मला वाटलं. त्या बादली घेऊन उठल्या.

"अगं, मानसं बसल्यात!" भाऊजी म्हणाले.

"उठवा मग. देवी बसायचीय."

पाहुणे हसत हसत हुक्क्यासकट निंबाखाली गेले. आम्ही दोघींनी फरशी धुतली, पडदा लावला. शहादेवनं फ्यूज बांधला, खिळे पुन्हा जोडून दिले. शेगडीतली वेटोळ्याची तार लाल झाली, प्लग मात्र गार राहिला. खीर उकळली, पुरण शिजलं. बाहेरून भाऊजी विचारत होते, "झालं का? आमाला भूक लागली!"

"आदी देवी," आतून अक्का म्हणाल्या, "मग तुमी."

नैवेद्य दाखवून त्यांनी पाण्याचा पहिला घोट घेतला. डोळे कोरडे होते, लाल नव्हते.


तेव्हापासून शुक्रवारी सकाळी भाऊजींची कचेरी निंबाखाली भरू लागली.