छप्पर कोणी दुरुस्त केलं?

देवाच्या कामासाठी घरदार सोडून परक्या मुलखात आलेल्या माणसाने रविवारी सकाळी उठल्या उठल्या चिडू नये, एवढं त्या तरुण प्रचारकाला कळत होतं. पण प्रार्थनेच्या खोलीचं दार उघडलं आणि आत एकही खुर्ची दिसेना, तेव्हा त्याच्या तोंडून जे "प्रभू!" निघालं ते काही स्तुतीचं नव्हतं.

समोरच्या गाळ्यात इस्त्रीवाल्या काकूंची इस्त्री तापत होती.

"काकू, माझ्या खुर्च्या?"

"दुसऱ्या मजल्यावर पाहुणे आलेत ना, त्यांच्यासाठी नेल्या काल. तू बाहेर गेला होतास, मग विचारणार कुणाला?"

"आज उपासना आहे!"

"दर रविवारी असते की. पण बसायला कोण येतं तुझ्याकडे?" काकूंनी एका बाहीवर पाणी शिंपडलं. त्या टोचून बोलल्या नव्हत्या, म्हणूनच ते जास्त टोचलं.

इमारतीत त्याला सगळे देववाला म्हणत. दूधवाला, पेपरवाला, तसा देववाला. सुरुवातीला "मी प्रचारक आहे हो" असं त्याने समजावून पाहिलं, मग नाद सोडला. आठ महिने झाले होते त्याला इथे येऊन. तेवढ्यात त्याने सिलिंडर वर चढवले, कुणाचं कपाट खाली उतरवलं, गळक्या नळांना चिंध्या बांधल्या, आयांना धड अंघोळ करता यावी म्हणून त्यांची रडकी पोरं कडेवर घेऊन व्हरांड्यात फेऱ्या घातल्या. सुरुवात सिलिंडरांपासून झाली, कारण लिफ्ट बंद होती. तो येण्याच्या कितीतरी आधीपासून बंद होती, आणि देवाने लिफ्टच्या बदली हा पोरगा धाडलाय अशी इमारतीतल्या लोकांची समजूत झालेली दिसत होती. जो तो हाक मारी, "देववाले, जरा हात लावता का?" हात लावून झाला की तो घाम पुसत म्हणे, "रविवारी दहाला या हं." "येऊ की!" म्हणून दार लागे.

रोज पहाटे तो गुडघे टेकायचा. प्रार्थनेची सुरुवात आभाराने व्हायची, आणि आमेनपर्यंत पोचेस्तोवर तिचं गाऱ्हाणं झालेलं असायचं. "प्रभू, माणसं धरायला पाठवलंस ना मला? इथे मी कपाटं धरतोय."

त्याचे वडील गावोगाव गाऊन उपदेश करायचे. कीर्तनच म्हणा ना. आधी ध्रुपद, मग शास्त्रातली गोष्ट, मध्येच टाळ्या, मध्येच पोट धरून हसवणारं काहीतरी, पुन्हा ध्रुपद, आणि शेवटी माणसं डोळे पुसत उठायची. ज्याने लहानपणी असं ऐकलंय त्याला कोरडं भाषण जन्मात गोड लागत नाही. इथे आल्यावर त्यानेही इथल्या बोलीत चार कडवी रचली. चौघे जण एका पक्षाघाती माणसाला बाजेवर घालून प्रभूकडे आणतात, दारात मुंगी शिरायला जागा नसते, म्हणून ते छपरावर चढून कौलं काढतात, बाज वरून खाली सोडतात, आणि प्रभू त्याला क्षमा करून पायांवर उभा करतो, ती गोष्ट. ध्रुपद तर असं जमलं होतं की गुणगुणताना त्याच्या स्वतःच्याच अंगावर काटा यायचा:

चार खांदे, एक बाज,
प्रभूपाशी नेऊ आज!

ऐकणारा मिळाला तो मात्र एकच. चौथ्या मजल्यावरचे गवंडीकाका.

गवंडीकाकांचा जन्म छपरांवर गेला होता, आणि पायही छपरावरून पडूनच गेले होते. आता चाकांच्या खुर्चीत खिडकीशी बसून ते समोरच्या छपरांना नावं ठेवत. देववाल्याने मोठ्या आशेने त्यांना गाणं ऐकवलं. तिसऱ्या कडव्यात कौलं निघाली, आणि काकांनी हात वर केला.

"थांब. परत कोणी लावली?"

"काय?"

"कौलं रे! चौघे चढले, दुसऱ्याच्या घराची कौलं उचकटली, आपलं काम साधलं. परत कोणी लावली?"

"ते... ते लिहिलेलं नाही काका. मुद्दा तो नाहीये. मुद्दा विश्वासाचा..."

"घरमालकाला विचार जा मुद्दा काय ते."

त्या दिवसापासून चौथं कडवं तसंच राहिलं. हा क्षमेवर बोलायला लागला की काका छपरावर. हा सार्वकालिक जीवनावर आला तरी काका आपले छपरावरच. "तुझ्या देवाला मी नाही म्हणत नाही," ते म्हणत, "पण छप्पर उघडं टाकून जाणाऱ्यांचं मला काही ऐकायचं नाही." देववाला दात आवळून जिना उतरायचा. खाली पोचला की त्याला स्वतःचीच लाज वाटायची. अख्ख्या इमारतीत शास्त्रातली गोष्ट डोक्यात ठेवणारा हा एकच माणूस, आणि आपल्याला राग येतो तो नेमका याचाच!

बुधवारी मोठ्या पाळकांचा फोन आला. दूरच्या शहरात बसून ते अशा सगळ्या खोल्यांचं काम बघत. "रविवारच्या उपासनेला मीच येतो," ते म्हणाले. "बाळा, स्पष्ट सांगतो. खोली रिकामी दिसली तर सोडून द्यायची. तू घरी परत जा. त्यात कमीपणा काही नाही."

कमीपणा नाही असं मोठ्या माणसाला सांगावं लागलं, म्हणजे तो होताच. घरी जायचं म्हणजे वडिलांसमोर जायचं. ते एका शब्दाने बोलले नसते. नुसता पाठीवर हात ठेवला असता, आणि तोच हात त्याला नको होता.

तो दारोदार फिरला. "या हं रविवारी, मोठे पाळक यायचेत, फार गरज आहे." "येऊ की!" चौथ्या मजल्यावर तो फक्त शिष्टाचार म्हणून गेला, तर गवंडीकाका म्हणाले, "मी येतो."

"खरंच?"

"तुझ्या त्या मोठ्या साहेबांना एक विचारायचंय."

काय ते विचारायची देववाल्याची छाती झाली नाही. "पण काका, तुम्ही खाली कसे येणार?"

"चार माणसं आण. तुझ्याच गाण्यात आहे ना!"

तर आता रविवार उजाडला होता, खुर्च्या नव्हत्या, आणि चार माणसं हवी होती. इस्त्रीवाल्या काकूंनी इस्त्रीचं बटण बंद केलं तेच मुळी कुरकुरत. शेजारच्या सलूनवाल्याने अर्धं गिऱ्हाईक साबणाच्या फेसासकट खुर्चीत सोडलं आणि वर पायऱ्या चढेपर्यंत त्याची आठवण करून दिली. तिसरा देववाला स्वतः, आणि चौथी काकांची लेक. ती इस्पितळात नर्स होती आणि दुपारच्या पाळीला तिला वेळेत पोचायचं होतं.

"मी आणि काकू पुढे," तिने फर्मान सोडलं. "तुम्ही दोघे मागून धरा. आणि बाबा, तुम्ही तोंड बंद ठेवा."

"का? वजन काय तोंडाचं आहे?"

पहिल्याच पायरीवर खुर्ची तिरकी झाली. काकू खाली उतरल्या, सलूनवाला वरच राहिला, काका मधल्या मध्ये लटकले.

"एकदम पाऊल टाका! एकदम!" लेक ओरडली.

"अहो, एकदम म्हणजे नेमकं कधी?" सलूनवाला करवादला.

देववाल्याच्या हाताला रग लागली होती, खाली कुठल्याही क्षणी मोठे पाळक येणार होते, आणि या चौघांची चार तोंडं चार दिशांना. वैतागून त्याने ध्रुपद लावलं. भक्तीने नव्हे, निव्वळ पाऊल जुळावं म्हणून. "चार खांदे" ला एक पायरी. "एक बाज" ला दुसरी. खुर्ची सरळ झाली.

"थांबू नकोस," काकू म्हणाल्या. "थांबलास की माझा हात सुटतो."

मग काय, पहिलं कडवं तिसऱ्या मजल्यावर पोचलं. दुसरं कडवं पुढच्या जिन्यात झालं, आणि ध्रुपदाला सलूनवाल्याने खालचा सूर धरला, तोही बरा. दुसऱ्या मजल्यावर ते पाहुणे दार उघडून बाहेर आले. आले ते आले, खुर्च्या दारात ओढून बसले. त्याच्याच खुर्च्या! खाली रिकाम्या खोलीत जे त्याला आठ महिन्यांत जमलं नाही ते इथे व्हरांड्यात बसलेलं होतं, हातात चहाचे कप घेऊन. संतापाने तो आणखी मोठ्याने गायला लागला. तिसरं कडवं आलं. चौघे छपरावर चढले. कौलं निघाली.

आणि काकांनी हात वर केला.

"थांब."

खुर्ची पुढच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर अधांतरी थांबली. त्याच वेळी खालून भारदस्त आवाज आला, "कोणी आहे का? खोलीत तर कोणीच नाही."

"काका, आत्ता नाही. हात जोडतो." हात अर्थातच मोकळे नव्हते.

"आत्ता नाही तर कधी? तू सांगत नाहीस, मग मी त्या साहेबांना..."

"तोच चढला असेल!" देववाला ओरडला.

"कोण तोच?"

"ज्याला खाली सोडला तो! पाय मिळाले ना त्याला? धडधाकट पाय! ज्याच्यापायी परक्याचं घर उघडं पडलं, तो माणूस पहिलं दुसरं काय करेल हो?" आणि राग गळ्यात मावेना तेव्हा ते सुरातच बाहेर पडलं:

बाज टेकवली, लावली शिडी,
कौलं बसवली थोडी थोडी!

मग आपण हे कोणाला सुनावलं ते देववाल्याच्या लक्षात आलं. पाय मिळाले ना, धडधाकट पाय. त्याच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. लेकीने मान खाली घातली होती. मागून त्याला काकांचा चेहरा दिसत नव्हता, फक्त टक्कल आणि खुर्चीच्या हातावरची जाड बोटं दिसत होती. त्यातलं एक बोट लाकडावर ताल धरत होतं.

"थोडी थोडी," काका म्हणाले. "बरोबर. एकदम रचली की घसरतात." मग त्यांनी आवाज खाली आणला. "माझं एक अर्धवट राहिलंय रे. शाळेचं. वरची ओळ लावत होतो, आणि पडलो. कोणी पुरं केलं कोण जाणे."

"पुरं झालंय बाबा. मी बघून आले. कितीदा सांगितलं तुम्हाला."

"तू सांगतेस. तू काय गवंडी आहेस?" काकांनी नाक ओढलं. "पाय असते तर मीही आधी तेच केलं असतं. हं, चल. पुढे म्हण."

"पुढे काय होतं?" व्हरांड्यातून एका पाहुण्याने विचारलं.

पुढे चौथं कडवं होतं. पापांची क्षमा झाल्याचं, आनंदाचं, आजवर कोणी न ऐकलेलं. ते गाताना देववाल्याची एकही पायरी चुकली नाही.

खाली मोठे पाळक बॅग हातात धरून उभे होते. कडक इस्त्रीचा कोट, भुवया वर. "उपासना दहाला होती ना?"

"होय साहेब," खुर्ची टेकवत देववाला म्हणाला. "सुरू झाली. जिन्यात."

दोघे-तिघे पाहुणे खुर्च्या घेऊन मागोमाग उतरले. परत द्यायला की बसायला, हे त्यांनाही ठाऊक नसावं. पण उतरले तसे बसले. सलूनवाला गिऱ्हाइकाची दाढी उरकून आला, आणि ते गिऱ्हाईकही सोबत आलं. मोठ्या पाळकांनी प्रार्थना चालवली. ती बरीच लांब होती, आणि काका मध्यावर घोरायला लागले. छपराचा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही.

शेवटचं आमेन झाल्यावर मोठे पाळक देववाल्याला बाजूला घेऊन म्हणाले, "ते शिडीचं कडवं शास्त्रात नाही."

"नाही साहेब."

"मग आलं कुठून?"

"मला राग आला होता."

"हं," मोठे पाळक म्हणाले, तेवढ्यात काकांची लेक पर्स खांद्याला लावून समोर आली. "मला कामावर जायचंय. बाबांना वर न्यायला एक माणूस कमी पडतंय."

सगळ्यांनी इकडे तिकडे पाहिलं. पाहुणे एव्हाना जेवायला सटकले होते, आणि ते गिऱ्हाईकही. शेवटी सगळ्यांची नजर एकाच ठिकाणी थांबली.

"साहेब," इस्त्रीवाल्या काकू म्हणाल्या, "कोट द्या माझ्याकडे. चुरगळेल."

चढणं उतरण्याच्या दुप्पट जड असतं. दुसऱ्या मजल्यापर्यंत मोठे पाळक गात होते, पुढे नुसतेच ओठ हलवत होते. तिसऱ्या मजल्यावर ते मटकन पायरीवर बसले.

"ताल सोडला तुम्ही," काकांनी सुनावलं.

देववाल्याला आता राहवेना. "साहेब, खोलीचं काय ते एकदा..."

"या लिफ्टचं कोण बघतं?" मोठे पाळक धापा टाकत म्हणाले.

"कोणीच नाही."

"तू बघ. पुढच्या खेपेला मी हे करणार नाही, सांगून ठेवतो."

पुन्हा खुर्ची उचलली. अर्धा जिना चढून गेल्यावर देववाल्याच्या डोक्यात प्रकाश पडला: पुढच्या खेपेला! त्याच्या हातून खुर्ची सुटता सुटता राहिली, आणि काकूंनी त्याला पोटभर शिव्या घातल्या.

वर काकांना खिडकीशी बसवलं, पायांवर पांघरूण घातलं. बाकीचे उतरायला लागले. देववाला दारापर्यंत पोचला होता.

"एक राहिलंच रे," काका म्हणाले.

"काय काका?"

"तो बरा झाला, छप्पर लावून घरी गेला. ठीक. पण ते चौघे? ते वरच होते ना? त्यांना खाली कोणी बोलावलं?"

देववाल्याने चौकटीला कपाळ टेकवलं.

"पुढच्या रविवारी सांगतो," तो कसाबसा म्हणाला, आणि दार ओढून घेतलं. मग अंधाऱ्या जिन्यात एकटाच उभा राहून त्याने वर पाहिलं.

"प्रभू," तो म्हणाला, "निदान चौघांचं तरी लिहवून ठेवायचं होतंस!"