राखेतला घेवडा

मी खताचा ड्रम बोलतोय. निळा, काकांच्या कमरेएवढा उंच, अंगभर छत्तीस भोकं असलेला. गेली चार वर्षं या घरामागे, पत्र्याच्या आडोशाला, भिंतीला टेकून उभा आहे. उद्या सकाळी मला उकळत्या पाण्याने धुणार आणि पलीकडच्या शाळेच्या माळ्याकडे पाठवणार. जाण्याआधी मन मोकळं करावं म्हणतो. एवढी भोकं असूनही एक गोष्ट माझ्यातून बाहेर पडलेली नाही, आणि तीच मला आतून खाते आहे.

माझा जन्म काही बागेसाठी झाला नव्हता. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात मी तोंडापर्यंत डिंक घेऊन आलो. डिंक संपला की आमच्यासारख्यांना मागच्या कुंपणाशी फेकून देतात. पण त्याच महिन्यात कारखान्यात नवा बॉयलर आला. बटणावर चालणारा, माणूस न लागणारा. जुन्या बॉयलरपाशी एकतीस वर्षं उभे राहिलेले काका त्या दिवशी कायमचे घरी निघाले. साहेबांनी विचारलं, "आठवण म्हणून काय देऊ तुम्हाला?" काकांनी जरा इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "तो रिकामा ड्रम द्या. आणि जुन्या बॉयलरचा थर्मामीटर." साहेबांनी म्हणे भिंतीवरचं घड्याळ आणून ठेवलं होतं. ते तसंच राहिलं.

काकू दारातच थबकल्या. "लोक निवृत्त होऊन भेटवस्तू घेऊन येतात, तुम्ही पिंप घेऊन आलात!"

"पिंप काय म्हणतेस? बघ तर याचं काय करतो ते."

काकांचा उकळत्या पाण्यावर भारी विश्वास. कुठलीही वस्तू स्वच्छ करायची म्हणजे तिच्यावर उकळतं पाणी ओतायचं, हा त्यांचा कारखान्यातला नेम. पाच पातेली ओतून त्यांनी माझा डिंक काढला. मग काकू पुढे आल्या. त्यांची एक सवय आहे. कुठलंही भांडं धुवायला टाकण्याआधी त्या त्याच्या कडेवरून एक बोट फिरवतात. साय असो, पीठ असो, चिमूटभरसुद्धा वाया जाऊ द्यायचं नाही. तसंच त्यांनी माझ्या तोंडाभोवती बोट फिरवलं. तिथे झाकण बसायला एक खाच आहे. "अहो, भिंतीकडच्या बाजूला डिंकाचे दोन खडे राहिलेत की."

"राहू दे. ते आता दगड झालेत," काका म्हणाले. ते खडे अजून तिथे आहेत. त्यांचं काम पुढे येणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

नळवाल्याने मला भोकं पाडली आणि माझा दुसरा जन्म सुरू झाला. स्वयंपाकघरातली सालं, देठं, चहाचा चोथा माझ्यात पडू लागला. त्यावर सुका पाला, त्यावर फाडलेलं वर्तमानपत्र. शेजारी हसले. नव्याचे नऊ दिवस, म्हणाले. पण काकांना हातांना काम हवंच होतं. त्यांनी बॉयलरचा तो लांब दांड्याचा थर्मामीटर माझ्या पोटात खुपसला आणि रोज सकाळ-संध्याकाळ काटा बघून मागच्या दारावर खडूने आकडा लिहायला लागले. अठ्ठेचाळीस. त्रेपन्न. सत्तावन्न. दर तिसऱ्या दिवशी मला वरखाली ढवळायचं, कोरडा वाटलो तर पाणी शिंपडायचं, गिच्च वाटलो तर भुसा घालायचा. हवा लागावी म्हणून झाकण भिंतीच्या बाजूने बोटभर उघडं ठेवायचं. ज्या दिवशी काटा साठच्या पुढे गेला त्या दिवशी त्यांनी काकूंना हाक मारून बाहेर बोलावलं.

"हात लावून बघ. वाफ येतेय वाफ!"

"नोकरीवरून सुटलात, पण बॉयलर काही सुटला नाही तुमचा," काकू म्हणाल्या. पण हात लावून बघितला त्यांनी. आणि हसल्या.

खरं सांगतो, मलाही चढली होती. साठ डिग्रीला तणाचं बी मरतं, किडीची अंडी मरतात, खत कसं काळंभोर, मोकळं होतं. आजूबाजूच्या घरांतली माणसं कुंडीसाठी माझं खत मागून न्यायची. काकांनी रासायनिक खताची पिशवी घरात येऊ दिली नाही, पाला जाळू दिला नाही, भांडी विसळलेलं पाणीसुद्धा झाडांना वळवलं. आणि या सगळ्याच्या मधोमध मी, सगळ्यांत गरम.

काकूंची बाग काकांच्या आधीपासूनची. तिला आकडे नव्हते. तिच्यात मुख्य होता घेवडा. पांढरा दाणा आणि त्यावर एकच जांभळा ठिपका. हा घेवडा बाजारात मिळत नाही. काकूंच्या ताईने कुणाकडून तरी पहिल्यांदा मूठभर आणला होता, आणि तेव्हापासून दोघी बहिणींत एक ठराव होता. ज्या वर्षी जिचा वेल बहरेल तिने दुसरीला बी द्यायचं. कधी इकडे पाऊस जास्त झाला तर तिकडून दाणे यायचे, कधी तिकडे मावा पडला तर इकडून जायचे. बहिणी भांडल्या होत्या, दोन वर्षं बोलत नव्हत्या, त्या दोन वर्षांतही दाणे मात्र आले-गेले, असं काकूच एकदा लेकीला सांगत होत्या.

मागच्या वर्षी ताई आजारी पडल्या. काकू त्यांच्या उशाशी होत्या, त्यामुळे इथे वेल लावलाच नाही. शेवटी शेवटी ताईंनी रुमालात गाठ मारलेले दाणे त्यांच्या हातात दिले. "यंदा माझी पाळी," म्हणाल्या. त्यानंतर ताई गेल्या, घर विकलं गेलं, आणि नव्या मालकाने गाडी लावायला परसात सिमेंट ओतलं. म्हणजे तो घेवडा आता जगात उरला होता तो काकूंच्या रुमालात.

पण बी रुमालात ठेवलं की त्याला भुंगा लागतो. काकूंची रीत जुनी आणि साधी. कोपऱ्यावरच्या बेकरीच्या भट्टीतून राख आणायची, चाळायची, आणि तिच्यात दाणे पुरून डबा बंद करायचा. राखेत किडा जात नाही, औषध लागत नाही. तसा डबा त्यांनी भरला आणि या पत्र्याखालच्या खिडकीत ठेवला. माझ्यापासून चार हातांवर. रुमाल धुऊन, घडी करून कपाटात ठेवला.

मग लेकीचं बाळंतपण आलं. काकू महिन्याभरासाठी तिच्याकडे गेल्या. जाताना काकांना बजावून गेल्या, "माझ्या कपाटाला हात लावू नका. ताईचं बी आहे." डबा म्हणाल्या नाहीत. कपाट म्हणाल्या. घाईत होत्या, बाहेर गाडी उभी होती.

काकांनी कपाटाला हात लावला नाही. अगदी प्रामाणिकपणे लावला नाही. पण एकटा माणूस, रिकामा वेळ. त्यांनी पत्र्याखालची अडगळ आवरायला घेतली. गंजलेले खिळे वेगळे केले, सुतळी गुंडाळून ठेवली, आणि खिडकीतला डबा उघडला. राख. त्यांचा चेहरा उजळला. राखेत पोटॅश असतं, खताला उत्तम. फेकून कशाला द्यायची?

त्या सकाळी दारावर बासष्ट लिहिलेलं होतं.

त्यांनी माझं झाकण उचललं, डबा उपडा केला, डोळ्यांत धूळ जाऊ नये म्हणून मान फिरवली. राख पडते तशी ती पडली नाही. मध्ये मध्ये टपटप आवाज येत होता. मला कळलं. काकांना वाटलं, राखेचे खडे असतील. तळाशी चिकटलेली राख झाडायला त्यांनी डबा माझ्या कडेवर दोनदा आपटला, तसा एक दाणा उडाला आणि भिंतीकडच्या खाचेत, डिंकाच्या त्या दोन खड्यांच्या मध्ये जाऊन घट्ट बसला. बाकीचे सगळे माझ्या पोटात. राख जास्त झाली असं वाटून काकांनी लगेच मला खालीवर ढवळलं. नीट, मन लावून, कारखान्यातल्यासारखं. दाणे अगदी मधोमध गेले, जिथे मी सगळ्यात गरम असतो.

मला त्या दिवशी गार व्हायचं होतं हो. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, या घरात एखादा आळशी माणूस हवा होता. न ढवळणारा, झाकण विसरणारा. आळशाच्या खतात बी रुजतं. पण माझा मालक पडला हुशार, आणि मी पडलो त्याचा लाडका. दोन दिवसांत सगळं शिजून गेलं.

काकू परत आल्या त्या पेरणीच्या आठवड्यात. चहा घेतला, बाळाचे फोटो दाखवले, आणि मागे आल्या.

"अहो, खिडकीतला डबा कुठाय?"

"घासून ठेवलाय लख्ख. खिळे भरलेत त्यात."

"आणि राख?"

"वाया घालवीन का मी? ड्रमला घातली." काकांनी माझ्यावर थाप मारली. "त्यानंतर काटा बघ, चौसष्ट!"

काकू पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, "त्यात ताईचं बी होतं."

काकांचा हात माझ्यावरच राहिला. "पण तू तर कपाट..."

"रुमाल आहे कपाटात."

त्यांनी मला आडवं करून पोत्यावर रिकामं केलं. काकू चाळणी घेऊन बसल्या. दुपार उलटेपर्यंत त्या मूठ मूठ खत चाळत होत्या आणि काका उकिडवे बसून ढेकळं फोडत होते. बारा दाणे सापडले. ठिपका पुसट झालेला, साल सुटलेली. काकूंनी एक दाणा बोटांत दाबला तर त्याचं पीठ झालं.

"शिजलेत," त्या म्हणाल्या.

"मी यंदा पन्नासवर ठेवला असता तर..." काका म्हणाले आणि थांबले. मग म्हणाले, "तू एकदा सांगायचंस गं."

"तुम्ही एकदा विचारायचंत." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

दोघंही वाईट नव्हते. एकीने किडीचं औषध नको म्हणून राख घातली, दुसऱ्याने राख वाया जायला नको म्हणून मला दिली. दोघांच्या चांगल्या सवयींच्या कचाट्यात ताईचे दाणे सापडले. आणि त्यांना शिजवलं कुणी? मी. अति तिथे माती म्हणतात. माझ्याएवढं ते कुणाला लागू नसेल.

त्या संध्याकाळी काकू ओंजळीत उरलेले अकरा दाणे घेऊन आत गेल्या. हात भरलेले होते, म्हणून त्या दिवशी त्यांनी माझ्या कडेवरून बोट फिरवलं नाही. काकांनी मला उचलून पुन्हा त्याच जागी, त्याच बाजूने भिंतीला टेकवलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी वर्तमानपत्राचे अकरा पेले वळले, त्यांत माती भरली आणि ते दाणे पेरले. काकूंनी बघितलं, पण हटकलं नाही. पंधरा दिवस काका पेल्यांवर पाणी शिंपडत होते. एकही आला नाही. सोळाव्या दिवशी त्यांनी थर्मामीटर माझ्यातून ओढून काढला, पुसला, आणि दारावरचे आकडे ओल्या फडक्याने मिटवून टाकले.

तेव्हापासून मी गार आहे. सालं पडतात, पण ढवळत कुणी नाही. आणि गंमत बघा, आता माझ्यात सगळं उगवतं. टोमॅटो, मिरची, भोपळा, कुणी न मागितलेलं. प्रत्येक कोंब आला की काकू सकाळी चष्मा लावून वाकतात. दोन पानं नीट बघतात. "भोपळा," म्हणतात, आणि आत जातात. स्वयंपाकघराच्या खिडकीतून काका ते पाहत असतात. आज ते म्हणाले, "हा ड्रम शाळेच्या माळ्याला देऊन टाकतो. मला नाही बघवत."

"द्या," काकू म्हणाल्या.

"पण धुऊन देऊ. उद्या पाणी उकळतो."

मला जायचं दुःख नाही. शाळेत पानं पुष्कळ पडतात, पोट भरेल. तुम्हीही खत जरूर करा, पाणी वाचवा, राख-पाला काही फेकू नका. फक्त घरातल्या दुसऱ्या माणसाचा डबा रिकामा करण्याआधी एक हाक मारा. हाकेला काही लागत नाही.

आणि काकू, तुम्ही ऐकत असाल तर. तो एक दाणा अजून इथेच आहे. भिंतीकडच्या खाचेत, डिंकाच्या दोन खड्यांच्या मध्ये. माझी आच तिथे कधी पोचली नाही, फटीतून वारा लागत राहिला, तो कोरडा आहे. पांढरा, वर जांभळा ठिपका. जिवंत आहे की नाही ते मला सांगता येणार नाही. पण शिजलेला नाही, एवढं नक्की.

उद्या काका उकळतं पातेलं घेऊन येतील. त्यांच्या आधी तुम्ही या. सवयीने या, रागाने या, कशाही या. आणि माझ्या कडेवरून एकदा बोट फिरवा.