गार हवेचा डबा

गंगाधर सरांनी काथ्याची चकती तेलातून वर काढली, दोन बोटांनी अलगद दाबली आणि निथळत धरली.

"पिळायची नाही," ते म्हणाले. "पिळली की धूळ धरत नाही."

आमोद हातातलं खोकं खाली न ठेवता ऐकत होता. खोक्यात एअर फिल्टरचा काळा डबा होता, कारखान्यातून आलेल्या गाडीला असायचा तसाच. जुन्या गाड्या विकत घ्यायच्या आणि त्या पहिल्या दिवशी जशा होत्या तशा करायच्या, हा या पुण्याच्या मुलाचा नाद. सरांची चौऱ्याऐंशी सालची फियाट त्याला पाहताक्षणी आवडली होती. आवडलं नव्हतं ते फक्त बॉनेटखालचं सरांचं कर्तृत्व.

कर्तृत्व लपणारं नव्हतंच. गोडेतेलाचा पत्र्याचा डबा कापून-ठोकून केलेली एक पेटी, तिच्यात काथ्याची चकती आणि पेटीपासून पुढच्या जाळीपर्यंत शेतीपंपाचा जाड रबरी पाइप. इंजिनाजवळची तापलेली हवा घ्यायचीच नाही, बाहेरची गार हवा सरळ कार्बोरेटरला द्यायची, एवढं त्यामागचं शास्त्र. सरांनी महाडच्या हायस्कुलात एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं, आणि हा पाठ त्यांनी पुस्तकाबाहेर जाऊन दरवर्षी शिकवला होता. मुलं वर्गातून उठून गाडी बघायला येत. महाडमध्ये आजही पन्नाशीची माणसं भेटली की म्हणत, "सर, डबा आहे ना अजून?"

"काका, गाडी मी जिवापाड सांभाळीन," आमोद म्हणाला. "पण हे काढावं लागेल. ओरिजिनल राहत नाही मग."

"आंबेनळी घाट चढून दाखवतो," सर म्हणाले. "न तापता माथ्यावर पोचली तर माझा डबा राहील. तापली तर तुमचा बसवा. मी हूं की चूं करणार नाही."

गाडी विकायची वेळ आली होती ती पुरामुळे. एकवीस सालच्या पुरात ती सीटपर्यंत बुडाली होती. आठ महिने सरांनी नट न् नट सुटा करून चिखल धुतला आणि ती पुन्हा चालू केली. पण आता ते चौऱ्याहत्तरचे झाले होते, आणि पुढच्या पुरानंतर हे सगळं पुन्हा करायची ताकद आपल्यात नाही हे त्यांना कळत होतं. गाडी जावी, पण डब्यासकट जावी, एवढीच त्यांची मागणी होती. आयुष्यात आपण एक तरी गोष्ट स्वतःच्या डोक्यानं केली आणि ती चालली, याचा पुरावा म्हणजे तो डबा.

ते निघणार तोच चारुशीलाबाई बाहेर जायची साडी नेसून दारात आल्या.

"मीपण येते."

"अगं, तुला घाटात गाडी लागते."

"लागू दे. शेवटचीच खेप आहे ना तिची," असं म्हणत त्या दुखरे गुडघे सांभाळत मागच्या सीटवर बसल्यासुद्धा. सरांनी घरात जाऊन आवळासुपारीची पुडी आणून त्यांच्या हातात दिली.

पोलादपूरला महामार्ग सोडून गाडी डावीकडे वळली आणि सरांना कंठ फुटला. बाईंचं माहेर वाईचं. निकाल लागले की दर मे महिन्यात हाच रस्ता. मुलगी शुभदा आणि तिचा भाऊ खिडकीसाठी भांडत, मागे पिशव्या, मांडीवर आंब्याची करंडी. त्या काळी घाटात सगळ्याच गाड्या तापत. कडेला बॉनेट उघडी टाकून, दगड लावून, माणसं पाण्याची वाट बघत बसलेली असत, आणि त्यांच्या शेजारून सरांची फियाट गुरगुरत वर जाई. माथ्यावर गाडी थांबवून सर मुद्दाम बॉनेट उघडत. ट्रकवाले बघायला जमत. तापमानाचा काटा लाल रेघेच्या दोन बोटं खाली.

"पाच जणांनी माझ्याकडून असा डबा करून घेतला," सर सांगत होते. "डॉक्टर, कापडवाले, आमचे हेडमास्तर. पाचही जणांच्या गाड्या घाटात तापल्या. मला दोष द्यायला आले. मी म्हटलं, डब्यात खोट नाही, तुम्हाला क्लच धरता येत नाही."

आमोद हसला. मागे बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

घाट लागला. मार्गशीर्षातलं स्वच्छ ऊन होतं, गवत पिवळं पडून आडवं झालेलं. गाडी बिनतक्रार निम्मा घाट चढली. मग जिथून खरा उभा चढ सुरू होतो त्या वळणावर, एका भज्यांच्या टपरीसमोर, सरांनी गाडी थांबवली. थांबवली असंही नाही, ती सवयीनं थांबली.

"इथे चारू उतरायची," ते आमोदला म्हणाले. "इथून पुढे तिला फार मळमळायचं. मुलांना घेऊन पायवाटेनं वर यायची. पिशव्यांना पेट्रोलचा वास लागतो म्हणून त्यासुद्धा बरोबर घ्यायची."

हे ते सांगत असतानाच मागचं दार उघडल्याचा आवाज आला. बाईंनी एक पाय बाहेर टाकला होता आणि दोन्ही हातांनी दाराची कड धरून त्या उठायला बघत होत्या.

"काकू, बसा ना," आमोद म्हणाला. "या गुडघ्यांनी कुठे चढणार?"

"येते मी हळूहळू. तुम्ही व्हा पुढे."

टपरीतून एक म्हातारी काठी टेकत आली आणि वाकून बाईंच्या तोंडाकडे बघत राहिली.

"चारूबाय ना गो तू? किती वर्सांनी आलीस. पोरं कुठं हायत?"

"पोरं मोठी झाली, तुळजाबाई. लांब गेली."

"ये, बस. भजी काढते. पयल्यासारखी दोन बशा."

"नको नको," सर आतून म्हणाले. "तिला गाडी लागते."

तुळजाबाई हसायला लागली. दात नसलेलं, मोकळं हसू.

"कोनाला? हिला? नाय ओ. माझ्या चुलीपाशी बसून भजी खायची ही, पोरांना घालायची, आनि मग डोंगर चढायची. गाडी लागलेलं मानूस भजी खातंय काय? मी इचारलं एकदा, गाडी हाय तं चालतेस कशाला गो? तं बोलली, गाडी हलकी असली म्हंजे तापत नाय, आनि तापली नाय म्हंजे मालक खुशीत असतात."

"तुळजाबाई, पुरे आता," बाई खाली मान घालून म्हणाल्या.

म्हातारी 'भजी टाकते' म्हणत परत गेली. इंजिन सुरूच होतं. सरांचे हात स्टिअरिंगवर तसेच राहिले. त्यांना ते पाच जण आठवले. डॉक्टर, कापडवाले, हेडमास्तर. पाचही जणांच्या बायका गाडीतच बसून होत्या.

"पहिल्या वर्षी ती इथेच तापली होती," बाई मागून हळू आवाजात म्हणाल्या. "डबा नवा होता तेव्हा. तुम्ही वाईला तीन दिवस कुणाशी बोलला नव्हतात. जेवतानासुद्धा मान खाली. दुसऱ्या वर्षी मी उतरले, तर नाही तापली. मग कसं सांगणार? आणि खोटं कशाला बोलू, मला चालायला आवडायचंही."

सरांना आधी राग आला. एकतीस वर्षं पोरांना सांगितलं, प्रयोग करताना बाकीचं सगळं तसंच ठेवून एकच गोष्ट बदलावी, आणि स्वतःच्या प्रयोगात गाडी अर्धी रिकामी होत होती हे दिसलं नाही. मग त्यांची नजर आरशात गेली. बाईंचा तो पाय अजून बाहेरच होता. आजसुद्धा, या वयात, त्या उतरायला निघाल्या होत्या.

ते खाली उतरले, मागे गेले, बाईंचा पाय हातानं उचलून आत ठेवला आणि दार लावलं.

"तापेल हो," बाई म्हणाल्या.

"तापू दे."

गाडी चढू लागली. दुसऱ्या वळणावर काटा सरकला. तिसऱ्यावर तो लाल रेघेला टेकला. बाईंनी एकदा विचारलं, "उतरू का?" सरांनी नाही म्हणून मान हलवली. चौथ्या वळणाच्या अलीकडे बॉनेटच्या फटीतून वाफ आली आणि सरांनी गाडी शांतपणे कठड्याला घेतली.

आमोद मागच्या चाकाला दगड लावून आला.

"काका, रेडिएटर जुना आहे. पुरातून निघालेली गाडी. डब्याचा दोष नसेलही."

"डब्याचा नाहीच," सर म्हणाले. "माझा आहे. गार होऊ दे. मग तुमचा बसवा."

त्यांनी पाने आमोदच्या हातात दिले. जन्मात पहिल्यांदा दुसऱ्या कुणाचा हात त्या पेटीला लागत होता, पण सर बघायला थांबले नाहीत. त्यांनी बाईंना हात देऊन उतरवलं आणि दोघं कठड्यावर बसली. खाली सगळं खोरं उघडं पडलं होतं. कापलेल्या भाताची वावरं, मध्ये नदीची बारीक रेघ, आणि त्यांच्या पायांखालून वळसे घेत गेलेली एक पायवाट.

"ही तीच?" सरांनी विचारलं.

"हीच. त्या कातळापाशी शुभदा पडली होती. हनुवटीला खोक पडली."

"ती वाईला झोपाळ्यावरून पडली होती ना?"

"तुम्हाला तसं सांगितलं होतं."

सर त्या कातळाकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत या रस्त्यावर त्यांनी फक्त काटा पाहिला होता.

"आणि तिथे, त्या झाडाखाली?" त्यांनी बोट दाखवलं.

"तिथे आम्ही जेवणाचा डबा सोडायचो. पोरांना मी गोष्टी सांगायची. तुम्ही वर ट्रकवाल्यांना बॉनेट दाखवत असायचात, तो आवाज इथपर्यंत यायचा. मुलं म्हणायची, बाबा जिंकले."

मागून आमोदनं हाक मारली. डबा बसला होता, गाडी सुरू करून बघायची होती. थोड्या वेळानं त्यानं पुन्हा हाक मारली.

"थांबा जरा," मागे न बघता सर म्हणाले, आणि बाईंकडे सरकून बसले. "मग? पुढे कुठून जायचात?"