परसबागेचा खुलासा

“मावशी, माझं अजून झोपलंय,” राजनंदिनी म्हणाली.

अंगणवाडीमागच्या वाफ्याशी गुडघे टेकून तिनं एक गाल मातीला लावला होता. भागुबाई हातातला डाव तसाच घेऊन चुलीपासून उठून आली.

“झोपू दी की. थंडीत डांगराचं बी उशिरा उठतंय. तू उठतीस का लवकर?”

“मला आई उठवती.”

“मग त्याची आई कोण?”

पाच वर्षांच्या पोरीनं क्षणभर विचार केला. “मीच,” असं म्हणून ती पाणी आणायला पळाली.

तिसऱ्या दिवशी डांगराचं, लाल भोपळ्याचं, रोप वर आलं. मान वाकलेली आणि डोक्यावर बियाचं टरफल टोपीसारखं बसलेलं. राजनंदिनी ती टोपी काढायला निघाली, तसा भागुबाईनं तिचा हात धरला. “त्याची त्याला काढू दी. आपण वढली तर मान मोडंल.” मग बावीस पोरं वाफ्याभोवती उकिडवी बसून ती टोपी कधी पडते याची वाट बघत राहिली, आणि खिचडी गार झाली.

राहू गावाजवळच्या वस्तीवरची ती अंगणवाडी. भागुबाई तिथं अकरा वर्षं मदतनीस होती. झाडलोट करायची, खिचडी शिजवायची, पोरांना घरून आणायची, पोचवायची. परसबाग करायची असा वरून आदेश आला तेव्हा बाकीच्या अंगणवाड्यांनी तयार रोपं आणून लावली. भागुबाई म्हणाली, पोरांच्या हातानं बी टोकू. प्रत्येकाला हातभर जागा दिली. नावं वाचता येत नव्हती म्हणून कौलाच्या तुकड्यांवर रंगानं खुणा काढल्या. कुणाचा मासा, कुणाची मोटार, राजनंदिनीचा सूर्य. सम्राटनं वाल लावला होता. तो रोज आल्या आल्या पानं मोजायचा आणि चाराच्या पुढं मोजता येत नसल्यानं पुन्हा एकपासून सुरू करायचा.

सेविका होत्या सुलक्षणाताई, वस्तीवरच्या मोठ्या बागायतदार बापूसाहेबांच्या सूनबाई. बी.ए. झालेल्या, बोलायला चटपटीत. त्या दिवशी त्या मोबाइल घेऊन वाफ्यापाशी आल्या.

“मावशी, पुढच्या बुधवारी तालुक्याचे साहेब येतायत परसबाग बघायला. ज्यांची चांगली असेल त्यांचं नाव जिल्ह्याला जाणार.”

“येऊ द्या की. तवर मुळ्याला पानं येतील.”

“पानं काय दाखवायची? मी ग्रुपवर टोमॅटो लागल्याचे फोटो टाकलेत.”

“कुणाच्या टोमॅटोचं?”

“आमच्या मळ्यातल्या.” दोघीही हसल्या. त्या हसण्याबद्दल भागुबाईनं नंतर स्वतःला पुष्कळ बोल लावला.

शनिवारी पोरं गेल्यावर सुलक्षणाताई आपण होऊन म्हणाल्या, “मावशी, सीमाकडं जायचं म्हणत होता ना? जाऊन या. उद्या रविवारच आहे, सोमवारची रजा मी मांडते. पाण्याचं मी बघते.”

सीमा ही भागुबाईची धाकटी लेक, शिरूरला दिलेली. भागुबाईनं सांजच्याला वाफ्याला भरपूर पाणी दिलं आणि न्हावऱ्यावरून जाणारी एस.टी. धरली. सोमवारी शिरूरच्या बाजारात तिनं पोरांसाठी चाकवताचं आणि राजगिऱ्याचं बी घेतलं. “आई, नातवाला खेळणं घ्यायचं सोडून तू बीच घेत बसलीस,” असं सीमा म्हणालीसुद्धा.

मंगळवारी सकाळी ती एस.टी.तून उतरली ती घरी न जाता थेट अंगणवाडीत आली.

वाफा लाल झाला होता. टोमॅटोची कमरेएवढी झाडं, फळांनी लगडलेली. पलीकडं जांभळी वांगी. झाडांपुढं छापील पाट्या रोवल्या होत्या. भिंतीकडेला नर्सरीच्या काळ्या पिशव्यांचा ढीग पडला होता आणि शेजारी कौलाचे तुकडे एकावर एक रचून ठेवले होते. सगळ्यात वर मासा होता.

“आमच्या दिरांनी काल यवतवरून टेम्पोनं आणली,” सुलक्षणाताई आतून येत म्हणाल्या. “छान दिसतंय ना?”

“पोरांची कुठं हायती?”

“काढली. जागा कुठं होती?”

भागुबाई भिंतीमागं गेली. उपटलेली रोपं तिथं टाकली होती, पण शेळ्यांनी काही ठेवलं नव्हतं. मातीत तुडवलेला डांगराचा एक देठ तेवढा राहिला होता.

ती परत आली. “ताई, दोन पानांचीच दाखवायची व्हती की. पोरांनी लावल्याली.”

“साहेब हसले असते मावशी. पोरांना सांगा, तुमचीच मोठी झाली म्हणून.”

“दोन दिसांत?”

“पोरं आहेत ती.”

“पोरं हायती म्हणून तर.”

सुलक्षणाताईंनी तिच्याकडं बघितलं आणि आवाज मऊ केला. “एवढं करा माझ्यासाठी.”

भागुबाईला ती पहिली खिचडी आठवली. अकरा वर्षांपूर्वी ती कामावर लागली त्या पहिल्या दिवशी तीन-चार बायांनी पोरांच्या हातातल्या ताटल्या काढून घेतल्या होत्या. बौद्धवाड्यातल्या बाईनं शिजवलेलं आमची पोरं खाणार नाहीत, असं तोंडावर सांगितलं होतं. तेव्हा नव्यानंच नांदायला आलेल्या आणि सेविका म्हणून लागलेल्या सुलक्षणाताई पुढं झाल्या, भागुबाईच्या हातची खिचडी घेतली आणि सगळ्यांसमोर पहिला घास खाल्ला. त्यापायी त्यांच्या सासूबाई, सोजराबाई, महिनाभर त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या. त्या एका घासावर भागुबाईनं अकरा वर्षं काढली होती. ताईंची बाळंतपणं, ताईंची परीक्षा, ताईंचं डोकं दुखणं, सगळ्या दिवसांत अंगणवाडी तिनं एकटीनं ओढली, आणि कधी हूं की चूं केलं नव्हतं.

ती खराटा घेऊन अंगण झाडायला लागली. पोरं आली. काही टोमॅटो बघून नाचली. सम्राटनं आपली मोटार ढिगातून शोधून काढली आणि कुठं ठेवायची ते न कळून हातात धरून उभा राहिला. राजनंदिनी काळ्या पिशव्यांच्या ढिगाकडं बघत राहिली; काल सांजच्याला आलेला टेम्पो तिनं रस्त्यावरून बघितला होता.

बुधवारी अकराच्या सुमाराला साहेब आले. बरोबर सुपरवायझर मॅडम, सरपंच मारुतराव आणि फोटो काढणारा एक जण. पोरांना ओळीत उभं केलं होतं.

साहेब माणूस हौशी होता. गुडघ्यावर हात ठेवून पोरांच्या उंचीला वाकला. “काय रे, ही झाडं कुणी लावली?”

“आम्ही!” शिकवल्याप्रमाणं सगळी ओरडली.

“न्हाई,” राजनंदिनी म्हणाली. “आमची उपटली. ही टेम्पोतनं आली.”

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. साहेबांनी एका टोमॅटोच्या बुडाशी बोट घातलं. काळ्या पिशवीची कड वर आली. घाईत पिशवीसकटच पुरलं होतं.

“मॅडम, हा काय प्रकार?” त्यांनी सेविकेकडं वळून विचारलं.

सुलक्षणाताईंचा चेहरा पांढरा पडला, पण जीभ अडखळली नाही. “सर, मुलांनीच बी लावलं होतं. आमच्या मदतनीस न सांगता गावाला निघून गेल्या. दोन दिवस पाणी नाही, सगळी रोपं जळाली. मुलांचा हिरमोड नको म्हणून मी पदरमोड करून ही आणली.”

भागुबाईला वाटलं, आपल्याच ऐकण्यात काही चूक झाली. तिनं ताईंकडं बघितलं. ताई खाली वाकून एक पाटी सरळ करत होत्या.

“मदतनीस कोण? तुम्ही?” साहेबांनी विचारलं. “न सांगता गेला होता?”

“लेकीकडं गेले व्हते,” एवढंच तिच्या तोंडून निघालं. ताई आता तरी बोलतील, हीच वाट ती बघत होती.

“शुक्रवारपर्यंत लेखी खुलासा द्या,” साहेब म्हणाले, आणि सुलक्षणाताईंकडं वळून, “तुमची भावना चांगली होती मॅडम, पण आधी कळवायचं.”

गाडी गेली. भागुबाईनं ताटल्या मांडल्या, खिचडी वाढली. हात नेहमीसारखेच चालत होते. राजनंदिनीपाशी आली तेव्हा पोरगी ताटलीकडं न बघता तिच्या तोंडाकडं बघत होती.

“मावशी, तू पाणी घातलं न्हाईस?”

“घातलं व्हतं गं.”

“बाई म्हणल्या न्हाई घातलं. म्हणून मेलं ते, म्हणून उपटलं.” तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “मला सांगायचंस की. मी घातलं असतं.”

भागुबाई वाढायचं टाकून खाली बसली. साहेबांपुढं जे झालं ते तिनं गिळलं असतं. गिळायची सवय होती. पण या पोरीला आपलं खरं वाटत नाही, हे तिला सोसवेना.

शुक्रवारी पोरं पोचवून ती आली तेव्हा सुलक्षणाताई टेबलाशी बसल्या होत्या. समोर एक कागद होता.

“मावशी, बसा. मी खुलासा लिहून आणलाय. तुम्ही फक्त सही करा.”

भागुबाई उभीच राहिली. “काय लिवलंय?”

“नजरचुकीनं पाणी द्यायचं राहिलं, पुन्हा असं होणार नाही. इतकंच. साहेब ताकीद देतील आणि मिटेल.” त्यांनी पेनाचं टोपण काढलं. “माझं चुकलं मावशी. त्या वेळेला सुचलं ते बोलून गेले. पण आता मागं कसं घेऊ? तुमच्या नोकरीची दोन वर्षं राहिली आहेत, मला अजून वीस काढायचीत. शिवाय तुमच्याबद्दल लोक तसंही...”

त्या थांबल्या. पदर तोंडाला लावला.

“बोला की,” भागुबाई म्हणाली. “तसंही काय?”

“काही नाही.”

बाहेर उसाची ट्रॉली गेली. ताईंनी कागद थोडा पुढं सरकवला. जे वाक्य ताईंनी गिळलं होतं ते भागुबाईनं अख्खं ऐकलं होतं. इतक्या वर्षांत या वस्तीवर ते तिनं अनेकांच्या तोंडून ऐकलं होतं, फक्त या बाईच्या तोंडून ते कधी येईल असं वाटलं नव्हतं.

“कोरा कागद द्या,” ती म्हणाली.

“कशाला?”

“मी सातवी शिकल्याली हाय मॅडम. माझा खुलासा मी लिवते.”

अकरा वर्षांत पहिल्यांदा तिनं त्यांना मॅडम म्हटलं. ते ऐकून सुलक्षणाताईंनी वर बघितलं आणि गुपचूप वहीतला कागद फाडून दिला.

भागुबाई पोरांच्या बुटक्या टेबलाशी मांडी घालून बसली. अक्षर मोठं, हळूहळू काढलेलं. साहेबांस नमस्कार, असं लिहून तिनं खाली नावं घालायला सुरुवात केली. राजनंदिनी, डांगर, दोन पानं, तिसरं येत होतं. सम्राट, वाल, सहा पानं. स्वराज, मुळा. ज्ञानेश्वरी, मेथी, एक ओळ. एकेक नाव लिहिताना ती डोळे मिटायची, वाफ्यातली ती जागा आठवायची आणि पुढं लिहायची. कुणाचं बी उगवलंच नव्हतं, तेही तिनं लिहिलं. कागद भरला तेव्हा तो उलटा केला.

बावीस नावं झाल्यावर तिनं लिहिलं, ‘शनिवारी संध्याकाळी मी पाणी दिले. रविवार सुट्टी होती. सोमवारची रजा मी विचारून घेतली होती. शनिवारी ही सर्व रोपे जिवंत होती. मुलांनी त्यांची निगा नीट राखली. मुलांची काही चूक नाही व माझीही नाही.’

खाली सही केली, तारीख घातली आणि कागद सुलक्षणाताईंच्या पुढं ठेवला. “वाचून घ्या. उद्या पोरांनाबी हेच सांगणार हाय.”

मग ती खिचडीचं पातेलं घेऊन मागच्या नळावर गेली.

सुलक्षणाताईंनी कागद वाचला. उलटून पुन्हा वाचला. बोट एकेका ओळीवरून सरकवत त्या आपलं नाव शोधत होत्या. बावीस पोरांची नावं होती, त्यांचं कुठंच नव्हतं. बाहेरून राखेनं पातेलं घासल्याचा आवाज येत होता.