निळ्या बाटल्या आणि टेकाडवाडीची कुत्री

टेकाडवाडीत निळ्या बाटल्या कुणी आणल्या यावर दोन मतं आहेत. एक असं, की गोजरबाईच्या भाचीनं मोबाईलवर व्हिडिओ पाठवला. दुसरं मत खुद्द गोजरबाईचं. तिच्या मते व्हिडिओ मागून आला, आधी तिलाच सुचलं होतं. पारदर्शक बाटलीत पाणी भरायचं, त्यात कपड्यांची नीळ कालवायची आणि बाटली उंबऱ्याबाहेर ठेवायची. मग कुत्रं दारात घाण करत नाही. पूर्वी हेच काम कुंकवाचं लाल पाणी करायचं. पण लाल पाणी जुनं झालं. शास्त्र काही एका जागी थांबत नाही.

पिंपरी पेंढार सोडून आण्याच्या घाटाकडे निघालं, की उसाच्या कडेला ही वाडी लागते. वरची आळी उसाला खेटून, खालची डांबरी रस्त्याला लागून. कुत्र्यांचा सुळसुळाट वरच्या आळीत, म्हणून बाटल्याही तिथंच.

वाडीच्या शाळेत इफरा आतार विज्ञान शिकवायची. एम.एस्सी. झालेली, रोज जुन्नरहून स्कूटीवर येणारी, आणि नोकरीचं दुसरंच वर्ष असल्यामुळे पुस्तकातलं सगळं अजून खरं मानणारी. एकदा आठवीच्या वर्गात ती सांगत होती, की कुठलीही गोष्ट तपासल्याशिवाय मानू नये. हे वाक्य ती प्रत्येक वर्गात सांगायची आणि प्रत्येक वर्गातली मुलं ते न तपासता लिहून घ्यायची. या वेळी मात्र श्रेया नावाची मुलगी उभी राहिली.

"म्याडम, त्या निळ्या बाटल्यांनी कुत्री खरंच जात्यात का?"

वर्ग हसला. इफरालाही हसू आलं, पण वाक्य तिनंच सांगितलेलं होतं. ती म्हणाली, "मोजून बघू या."

मुख्याध्यापक भगवंत सरांना हे कळलं तेव्हा ते आधी खिन्न झाले. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात शाळेचा ज्वालामुखी जायचा, ही परंपरा होती. ज्वालामुखी तोच, फक्त दर साली त्याला नवा रंग देत. "कुत्री मोजण्यात विज्ञान कुठंय, मॅडम?" त्यांनी विचारलं. मग कागदावर 'निळ्या द्रवाचा श्वानवर्गावरील परिणाम' असं स्वतःच लिहून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "हां, आता विज्ञान वाटतंय."

श्रेया आणि तिच्या दोन मैत्रिणी रोज शाळेआधी दोन्ही आळ्यांतून फिरून कुत्री मोजू लागल्या. बाटल्यांची आळी एका बाजूला, बिनबाटल्यांची दुसऱ्या बाजूला. फरक पडणार नाही, याची इफराला खात्री होती. शेवटी मुलांना काय सांगायचं, तेही तिनं मनाशी जुळवून ठेवलं होतं.

पण फरक पडू लागला. खालच्या आळीतली कुत्री होती तेवढीच राहिली. वरच्या आळीतली मात्र दर दोन-तीन दिवसांनी एकेक कमी होत गेली. महिना-दीड महिन्यात तिथं दोन म्हातारी आणि एक लंगडी कुत्री तेवढी उरली.

इफरानं आकडे तीनदा पाहिले. स्वतः पहाटे स्कूटी काढून आळीत चक्कर मारली. आळी सुनसान. तिला पहिल्यांदा राग आला, मग गंमत वाटली, आणि शेवटी स्वतःचा अभिमान वाटला. आपला समज बाजूला ठेवून समोर दिसतं ते मान्य करायचं, विज्ञान म्हणजे तरी दुसरं काय? हे तिनं वर्गात फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून सांगितलं. मुलांनी तेही लिहून घेतलं.

प्रकल्पाला तालुक्यात पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षक निवृत्त प्राध्यापक होते. तक्त्यासमोर बराच वेळ उभे राहून ते म्हणाले, "आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होतं." पूर्वजांकडे प्लास्टिकची बाटली होती का, हे विचारायला श्रेयानं तोंड उघडलं होतं, पण भगवंत सरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला फोटोसाठी वळवलं.

पेपरात बातमी आली. तिचा मोबाईलवर फिरता फिरता मजकूर झाला, की जुन्नरच्या शास्त्रज्ञांनी निळं पाणी सिद्ध केलं. श्रेयाच्या वडलांनी कात्रण फ्रेम करून देव्हाऱ्याशेजारी लावलं.

जुन्नरच्या पेठेत इफराच्या वडलांचं, महंमद हनीफ आतारांचं दुकान होतं. अत्तर, अगरबत्ती, गुलाल, आणि फळीवर वर्षानुवर्षं धूळ खात पडलेली नीळ. ती नीळ आठवड्यात संपली. हनीफभाईंनी दुकानाबाहेर निळी बाटली टांगली आणि मुलीच्या फोटोचं कात्रण तिच्यावर चिकटवलं.

"अब्बू, हे काढा," इफरा म्हणाली.

"का बेटा? तूच सिद्ध केलंस ना?"



असं सगळं छान चाललेलं असताना गेणभाऊंचं दुधाचं कॅन चोरीला गेलं. गेणभाऊ म्हणजे गोजरबाईचे मालक. वरच्या आळीच्या तोंडाशी त्यांचं दूध संकलन केंद्र होतं आणि त्यावर कॅमेरा. चोर शोधायला त्यांनी मागचं रेकॉर्डिंग पाहायला घेतलं. मशीन काही त्यांच्याच्यानं चालेना, म्हणून दुपारच्या सुट्टीत त्यांनी म्याडमला बोलावलं. इफरा श्रेयाला घेऊन गेली.

चोर सापडला नाही. बिबट्या सापडला.

पडद्यावर तो उसातून निवांत बाहेर आला, निळ्या बाटल्यांच्या रांगेसमोरून आपल्याच घरच्यासारखा चालत गेला, रस्त्यावर झोपलेलं एक कुत्रं मानेला धरून उचललं आणि आल्या वाटेनं परतला. इफरानं मागची तारीख लावली. पुन्हा तोच. आणखी मागची. पुन्हा तोच. तिनं नंतर तारखा लावायचं थांबवलं.

गेल्या साली वनखात्यानं वाडीतला बिबट्या पिंजऱ्यात धरून नेला होता. त्यानंतर 'आपल्याकडं आता बिबट्या न्हाई' असं गावानं एकमतानं ठरवून टाकलं होतं. बिबट्याचं मत कुणी घेतलं नव्हतं.

श्रेया हळूच म्हणाली, "म्याडम, म्हंजी बाटलीनं न्हाई गेली."

"नाही."

"त्यानं खाल्ली."

"हो."

"मग आपलं चुकलं?"

"आपलं नाही, माझं चुकलं," इफरा म्हणाली. "कुत्री कमी झाली हे खरं होतं. ती का कमी झाली, हे मी विचारलंच नाही." तिचे कान तापले होते. आपणच मुलांपुढे केलेलं ते भाषण तिला शब्दन् शब्द आठवत होतं.

एवढ्यात गोजरबाई चहा घेऊन आली. तिनं पदर तोंडाला लावून ते दृश्य पाहिलं, पुन्हा लावायला लावलं, आणि मग तिचे डोळे चमकले.

"बगितलं का? अंगणात न्हाई शिरला! बाटली बगून रस्त्यानंच गेला त्यो!"

गेणभाऊ पुढे झुकले. "आयला, खरंच की राव. बाटलीला बिचकला."

"गेणभाऊ, कुत्रं रस्त्यावर झोपलं होतं," इफरा म्हणाली. "अंगणात शिरून तो काय करणार होता?"

"त्ये खरं हाय म्याडम," गेणभाऊ समजुतीनं म्हणाले. "पर न्हाई शिरला, ह्ये बी खरं हाय ना?"

संध्याकाळपर्यंत ते दृश्य प्रत्येक मोबाईलवर पोचलं. निळं पाणी बिबट्यालाही रोखतं, हे ज्ञान टेकाडवाडीतच जन्मलं, त्यामुळे त्याचा गावाला विशेष अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी इफरा भगवंत सरांकडे गेली. जिल्ह्याचं प्रदर्शन पुढच्या आठवड्यावर आलेलं. प्रकल्प मागे घ्यावा, किंवा निदान खरं काय ते लिहावं, असं ती म्हणाली. सरांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, बक्षीस मिळाल्यावर प्रकल्प चुकत नसतो. चुकायचा तर आधी चुकायचा."

"सर, मुलांना मी सांगितलंय की तपासल्याशिवाय मानू नका."

"ते वर्गात. हे जिल्ह्याला चाललंय."

मग इफरानं दुसरी वाट धरली. एकदा नीट प्रयोग करू: बाटल्या वरच्या आळीतून काढून खालच्या आळीत ठेवू आणि पुन्हा मोजू. ती आणि श्रेया घरोघर फिरल्या. वरच्या आळीत कुणी बाटली काढू देईना. "आन् बिबट्या आला म्हंजी? तुमी जुन्नरात ऱ्हाता," असं गोजरबाईनं तोंडावर सांगितलं. खालच्या आळीत बाटल्या ठेवायला कुणाचीच हरकत नव्हती, कारण त्या आधीच ठेवून झाल्या होत्या. श्रेयाच्या स्वतःच्या घरी चार होत्या. तुलनेसाठी बिनबाटलीचं एकही घर वाडीत शिल्लक राहिलं नाही. आता निळं पाणी चुकीचं ठरवणं कुणालाच शक्य नव्हतं. इतकं पक्कं ज्ञान विद्यापीठातसुद्धा सहसा सापडत नाही.

जिल्ह्याच्या प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी श्रेया शाळेत थांबली. भगवंत सरांना न सांगता नवा तक्ता तिनंच लिहिला. वरती मोठ्या अक्षरांत: 'आमचा निष्कर्ष चुकला. तो कसा चुकला ते पहा.' खाली बिबट्याचा फोटो. लिहून झाल्यावर ती बराच वेळ पेनाचं टोपण लावत आणि काढत बसली.

"म्याडम, दादा ते कात्रण काढून टाकतील का ओ?"

दादा म्हणजे तिचे वडील. इफरानं तिच्याकडे पाहिलं. मुलगी रडत नव्हती, पण रडायच्या बेतात होती.

"नको काढायला. तू मोजलंस ते खरंच होतं. तुला तक्ता बदलायचा नसेल तर सांग, मी एकटी बोलेन तिथं."

श्रेयानं मान हलवली. "न्हाई. मोजलं मी, तर बोलणार बी मीच."

पुण्यात मोठा मंडप होता. भगवंत सर पांढऱ्या सफारीत आले, तक्ता पाहून तसेच मागे फिरले आणि दिवसभर चहाच्या टपरीशी उभे राहिले. परीक्षक आले. त्यांतल्या बाईंनी मथळा वाचला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"बाळा, तुमचं उपकरण कुठं आहे?"

"उपकरण न्हाई," श्रेया म्हणाली. "आमी चूक शोधली."

"कुणाची?"

"आमचीच."

बाई इफराकडे वळल्या. आवाजात काळजी होती. "मॅडम, इतकं निगेटिव्ह नका ना शिकवू. या वयात मुलांना पॉझिटिव्ह काहीतरी द्यावं." आणि कागदावर काहीतरी खरडून त्या पुढे गेल्या.

पुढच्या रांगेत गर्दी होती. तिथं आंबेगाव तालुक्यातल्या एका शाळेचा प्रकल्प होता: 'स्मार्ट श्वानरोधक'. बाटलीत नीळ, तळाशी निळा दिवा, सेन्सर आणि मोबाईलचं ॲप. कुत्रं जवळ आलं की दिवा लागे आणि फोनवर घंटी वाजे. तक्त्याच्या खालच्या कोपऱ्यात लिहिलं होतं: 'संदर्भ: टेकाडवाडी संशोधन.'

श्रेयानं ते वाचलं आणि सरळ त्या शाळेच्या सरांसमोर जाऊन उभी राहिली.

"सर, टेकाडवाडी म्हंजी आमीच. ते चुकलंय. कुत्री बिबट्यानं नेली व्हती."

सर हसले. "अगं, पेपरात आलंय ते."

"पेपरात आमीच आलो व्हतो!"

"मग झालं की," सर म्हणाले. "आणि आमचा सेन्सर तर चालतोय ना? बघ." त्यांनी बाटलीसमोर हात धरला. दिवा लागला, घंटी वाजली. भोवतालच्यांनी टाळ्या वाजवल्या.

पहिलं बक्षीस त्यांनाच मिळालं. टेकाडवाडीला सहभागाचं प्रमाणपत्र मिळालं, त्यावर शाळेचं नाव 'टोकावडे' असं छापलेलं. परतीच्या गाडीत श्रेया खिडकीकडे तोंड करून बसली. नारायणगाव आलं तेव्हा म्हणाली, "त्यांचा सेन्सर चांगला व्हता, म्याडम. कुत्रं पळतंय का न्हाई त्ये त्यांनी बगितलंच न्हाई." आणि मग पहिल्यांदा हसली. इफराही हसली, आणि गेल्या आठवड्यात आपण हसलोच नव्हतो हे तिच्या ध्यानात आलं.

होळीच्या सुमाराला वनखात्याचा पिंजरा लागला आणि बिबट्या पकडला गेला. थोड्याच दिवसांत वरच्या आळीत दुसरीकडची कुत्री आली, पुढे त्यांना पिल्लंही झाली आणि ती बाटल्यांना टेकून झोपू लागली. इफराला वाटलं, आता तरी. गेणभाऊंनी यावर दोन दिवस विचार केला.

"म्याडम, निळीत भेसळ याया लागलीया. पैल्यासारखी नीळ न्हाई ऱ्हायली."

हे जुन्नरला पोचलं तेव्हा हनीफभाईंनी दुकानात पाटी लावली: 'येथे अस्सल नीळ मिळेल.' त्यावरून बापलेकीचं चांगलंच वाजलं. इफरा म्हणाली, तुम्ही खोटं विकता. हनीफभाई म्हणाले, "नीळ अस्सलच आहे, बेटा. ती कशाला वापरायची, हे मी कुठं लिहिलंय?" पाटी राहिली. तिच्या हट्टाखातर कात्रण मात्र त्यांनी काढलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत श्रेयाचा फोन आला. डिंगोऱ्याजवळच्या एका वस्तीवर तिची मावशी रत्ना राहायची आणि तिथं अजून एकाही घरी बाटली पोचली नव्हती. इफरा भर उन्हात स्कूटी घेऊन गेली. अर्ध्या घरांना बाटल्या द्यायच्या, अर्ध्यांना नाही, कुणाला ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, असं दोघींनी ओट्यावर बसून ठरवलं. रत्ना ताक घेऊन आली.

"मावशी, आदी सांग," श्रेयानं विचारलं, "हितं बिबट्या हाय का?"

"न्हाई बाई. औंदा दिसला न्हाई कुणाला."

"दिसला न्हाई, का न्हाईच?"

रत्ना विचारात पडली. "त्ये काय सांगावं? पर कुत्री मोजणार आसाल तर सांगते, परवाच कुत्र्यांच्या नसबंदीची ऑपरेशनवाली गाडी आली व्हती. निम्मी कुत्री धरून नेलीती. कवा सोडत्यात म्हाईत न्हाई."

इफरानं ताकाचा पेला खाली ठेवला आणि कपाळाला हात लावला. श्रेयानं मात्र वही उघडली, आणि एकही कुत्रं मोजण्याआधी पहिल्या ओळीत ती गाडी लिहून घेतली.